एकट्याची ज्वारी

मंगळवेढ्याच्या पंचक्रोशीत दामाजीपंतांची गोष्ट ठाऊक नसलेलं घर सापडणार नाही. पंधरावं शतक, बिदरची बहामनी सत्ता, हुकलेला पाऊस. दामाजीपंत मंगळवेढ्याचे अधिकारी, सरकारी धान्याची कोठारं त्यांच्या ताब्यात. त्यांनी ती उपाशी लोकांना खुली केली. बादशहाची माणसं त्यांना धरून न्यायला आली, आणि इकडे विठोबानं विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारात जाऊन धान्याची किंमत चुकती केली. कीर्तनकार इथे थांबतात, टाळ वाजू लागतात. माझे आबा मात्र पुढे एक प्रश्न विचारायचे. "कोठारं उघडली म्हंजी आत धान्य हुतं. दुष्काळात एवढं धान्य आलं कुठनं?" आम्ही पोरं गप्प. मग तेच उत्तर द्यायचे, "आदल्या चांगल्या सालातनं. ठिवायची अक्कल हुती म्हणून दामाजीला वाटायला गावलं."

देवाच्या गोष्टीतही आबांना साठवण दिसायची, कारण त्यांचं सगळं आयुष्य ज्वारीत गेलं होतं. मंगळवेढ्याचं काळं, खोल रान आणि त्यावरची रब्बीची मालदांडी हे समीकरण फार जुनं. तालुक्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगीच नाही. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. ही ज्वारी पावसावर येत नाही, पावसाच्या मागे राहिलेल्या ओलीवर येते. उत्तरा-हस्ताचा पाऊस जमिनीत मुरतो, मग चाड्यावर मूठ धरायची, आणि त्यानंतर एक थेंबही न पडता पीक माघ-फाल्गुनापर्यंत त्या ओलीवर उभं राहतं. थंडीचं दव मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आबांच्या लहानपणी गावात पेवं होती. पेव काळ्या रानात काढत नाहीत, काळी माती ओल धरते. गाव जिथे वसलेलं असतं त्या पांढरीत, उंचवट्याच्या जागी ते खणायचं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रुंद. आतून कडबा आणि तुरकाट्यांचं अस्तर लावायचं, उन्हात कडकडीत वाळवलेली ज्वारी ओतायची, वर भुसा, त्यावर दगडी झाकण आणि मातीचं लिंपण. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू धान्य आणि त्यातली कीड मिळून संपवत, आणि तो संपला की कीडही मरे. औषध नाही, गोळी नाही. ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. कडेची काळवंडायची, तिला आंबूस वास यायचा, ती जनावरांना जायची. मधली माणसांना.

पेव उघडणं हे जोखमीचं काम. झाकण काढलं की दिवसभर तसंच सोडायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. घाईनं उतरलेला एक तरणा गडी आतच गुदमरून गेला, ही गोष्ट आबा सांगत तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा. पण आबांच्या सांगण्यातली एक बाब मला खूप उशिरा उमगली. पेव एकदा उघडलं की सगळं उपसावं लागे, कारण हवा शिरली की कीडही शिरणार. त्यामुळे पेव कधी एका घरासाठी उघडत नसत. ज्यांची ज्वारी आत असे ती सगळी घरं मिळून दिवस ठरवत, मिळून उपसत आणि मिळून वाटून घेत.

आज ज्याला आपण सेंद्रिय शेती म्हणतो, त्यातलं धान्य पिकवणं का अवघड झालं आहे, याचं उत्तर मला त्या पेवाच्या तोंडाशी सापडतं. माझे धाकटे काका आमच्या त्याच रानात कुठलंही रासायनिक खत किंवा औषध न वापरता मालदांडी घेतात. त्यांच्या अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत. त्यातली एकही अडचण मुळात मातीची नाही. धान्य हे पूर्वी गाव मिळून पिकवायचं, आता काका ते एकटे पिकवतात, ही खरी अडचण आहे.

आबांचं रान कसं चालायचं ते सांगते. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं यायची. आबा वाडा आमच्या रानात बसवून घ्यायचे. रात्री मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, दुसऱ्या रात्री वाघूर पुढच्या तुकड्यात. लेंड्या आणि मूत जागेवरच जमिनीत जिरायचं. मोबदल्यात ज्वारी. शिवाय घरच्या खिलार बैलांचं शेणखत. वैशाखात कुळवाच्या पाळ्या. पेरणीला पाभर, पिकात करडईचा पट्टा. बांधाकडेनं लावलेल्या करडईचे काटे मोकाट जनावरांना अडवायचे आणि घरचं तेलही व्हायचं. मग कोळपण्या. आबा तीनदा कोळपायचे, तिसऱ्यांदा दातेरी कोळप्यानं. काळी जमीन थंडीत भेगाळते, भेगेतून ओल उडून जाते. कोळपं फिरलं की भेग बुजते, वर भुसभुशीत मातीचा थर राहतो आणि खालची ओल खालीच राहते. कोळपणीला आबा पाण्याची पाळी म्हणायचे आणि ते अक्षरशः खरं होतं.

यातलं पुष्कळसं शास्त्रज्ञांनीही पारखून घेतलेलं आहे. १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बांधबंदिस्ती, नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांची सांगड घालून जी पद्धत बसवली ती पुढे मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत म्हणून ओळखली गेली. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण तयार झाला. नव्वद वर्षं होत आली, तोच वाण अजून सोलापूरच्या रानात उभा आहे. या सगळ्यात रसायनाच्या पोत्याचा कुठे संबंध नव्हता. शेतकऱ्याचं शहाणपण आणि संशोधकाची चिकाटी यांचं इतकं चांगलं जमलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते आपण विसरलो याचं मला वाईट वाटतं.

आजीकडे बियाण्याचं खातं. कापणीआधी ती रानात फिरून कणसं हेरायची. भरदार, गच्च, मोत्यासारख्या दाण्याचं, रोग नसलेल्या ताटावरचं. अशी कणसं वेगळी काढून चुलीवरच्या आढ्याला टांगली जायची. धुरानं कीड लागत नसे. मालदांडी सरळ वाण असल्यामुळे तिचंच बी पुढच्या वर्षी पेरता येतं. हुरड्याची गुळभेंडी आणि लाह्यांची ज्वारीही अशीच घरच्या बियाण्यावर चालायची. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा माझ्या मनात आजीचं ते आढं आलं होतं. अशा कितीतरी बायकांनी बी सांभाळलं, म्हणून आज सेंद्रिय शेती करू म्हणणाऱ्याच्या हातात पेरायला काही आहे.

तरी जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. उत्पन्न कमी होतं. खळ्यावर राशीच्या वेळी बलुतेदारांना त्यांचा वाटा मिळायचा, पण कुणाला रास आणि कुणाला खळ्यावरची झाडलोट हे जातीनं ठरलेलं होतं. दामाजीच्या गोष्टीत देवानं कुणाचं रूप घेतलं आणि गावात त्याच माणसाला कुठे उभं केलं जायचं, हे आबांनाही बोलताना जड जायचं. ती व्यवस्था परत यावी अशी माझी इच्छा नाही. मला हळहळ वाटते ती याची, की तिच्यातला अन्याय काढून बाकीचं जपण्याऐवजी आपण सगळंच मोडू दिलं.

मोडायला सुरुवात कुठून झाली? आजी म्हणायची, लेव्हीपासून. साठच्या दशकाच्या मध्याला सरकारनं राज्यात ज्वारी आणि भाताची एकाधिकार खरेदी सुरू केली. शहरं उपाशी राहू नयेत हा हेतू चांगलाच होता. पण शेतकऱ्यानं किती धान्य सरकारात घालायचं हे बाहेरचा माणूस ठरवू लागला, तेव्हा साठवण ही लपवायची गोष्ट झाली. ज्या पेवाभोवती गाव जमायचं त्याचं तोंड रात्री गुपचूप लिंपलं जाऊ लागलं. शेजारी शेजाऱ्याकडे संशयानं पाहू लागला. आजीला या दिवसांचा राग होता, आणि तो तिनं मरेपर्यंत सोडला नाही.

मग ७२. तिच्या पिढीला सन सांगावं लागत नाही, नुसतं 'बहात्तर' म्हटलं की पुरे. रब्बीही गेली, खरीपही गेला. पेवं आधीच रिकामी झालेली. आजी पाझर तलावाच्या कामावर जायची, आबा खडी फोडायला. मजुरी मिळायची आणि सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. "भाकरी थापली की काठाला फाटायची आन घशाखाली उतरायची न्हाई," आजी सांगायची. ज्वारीच्या कोठारात राहणाऱ्या बाईनं परदेशी ज्वारीसाठी रांगेत उभं राहावं, ही गोष्ट तिला अपमानाची वाटली होती. त्या दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली. तो मोठा कायदा होता. पण आमच्या घरातून बहात्तर साली दोन गोष्टी कायमच्या गेल्या. आढ्याला टांगलेलं बियाणं खाऊन संपलं, आणि बैल गुरांच्या छावणीतून परत आले नाहीत.

बी परत मिळवायला आजी माहेरी गेली. बैल पुढे कर्जानं घेतले. इतरांनी मात्र हायब्रीड घेतलं, आणि त्यांना दोष देता येत नाही. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात १९६४ सालीच आला होता. ताटं बुटकी, दाणा भरपूर. युरिया टाकला की रान हिरवंगार. उपाशी माणसाला भरलेलं कणीस दाखवल्यावर तो ते नाकारेल कसा? आबांनीही एका तुकड्यात लावून पाहिलं. भाकरी कुणाला आवडली नाही, आणि कडबा तोकडा निघाला. ज्याला बैल पोसायचे आहेत त्याला कडबा हे अर्धं पीक असतं. मालदांडीला मात्र युरिया सोसत नाही. ती मुळात उंच, जादा नत्र मिळालं की सरळ लोळते. म्हणून आमच्या कोरड्या रानात खताची पोती फारशी आलीच नाहीत. सोलापुरात अशी हजारो एकर रब्बी ज्वारी होती आणि काही अजूनही आहे, जिला रसायनाचा हात लागलेला नाही. पण तिच्याजवळ तसा कागद नाही, म्हणून बाजारात ती साधीच ज्वारी.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि जिथे जिथे पाणी गेलं तिथे ऊस गेला. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं पाण्यासाठी अजून झगडतात, पण आमच्या शिवाराच्या निम्म्या भागात पाटाचं पाणी पोचलं. उसानं घरं बांधली, पोरं शिकवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच सुमाराला रेशनवर गहू आणि तांदूळ आले. भाकरी गरिबाची आणि चपाती सुखवस्तू घरची, असा समज पसरला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं भरड धान्य रुपयाला किलो ठरवलं, तरी दुकानात प्रत्यक्ष मिळत राहिला तो बहुतेक गहू-तांदूळच. खाणारे कमी झाले तशी पेरणारेही कमी झाले. आज काकांच्या रानाच्या तीन बाजूंना ऊस आणि डाळिंब आहे.

त्या मधल्या तुकड्यात ज्वारी घेणं म्हणजे काय, ते आता ऐका.

पहिली अडचण पाखरांची, आणि हीच मला सगळ्यात बोलकी वाटते. थंडीत भोरड्या येतात. मध्य आशियाकडून हजारोंच्या थव्यानं येणारी ही पाखरं आबांच्या वेळीही यायची. पोरं माळ्यावर बसून गोफण फिरवायची. पण तेव्हा सगळं शिवार ज्वारीचं होतं. थवा सगळ्यांच्या रानात उतरायचा, प्रत्येकाचं थोडं थोडं खायचा, आणि अळ्या-टोळ खाऊन थोडी फेडही करायचा. आबा म्हणायचे, पाखराचा वाटा धरूनच पेरायचं. आता दहा रानांचा वाटा एका रानातून जातो. दाणा दुधात असताना चार दिवस राखणीला माणूस मिळाला नाही, तर कणसाचं नुसतं बोंड उरतं. आणि राखणीला माणूस मिळत नाही. वरून रात्री रानडुकरं. ती दिवसभर उसात लपतात आणि रात्री ज्वारीत येतात.

दुसरी अडचण खताची. मेंढरांचे वाडे अजून येतात, पण डाळिंब आणि द्राक्षाचे बागायतदार त्यांना रोख पैसे देतात. शेणखताच्या ट्रॉलीचं तेच. ज्याच्या पिकाला एकरी लाखांचं उत्पन्न आहे तो खताला जो भाव देईल तो ज्वारीवाला देऊ शकत नाही. काकांनी दोन गाई आणि एक बैलजोडी राखली आहे, तेवढ्यावर सगळं रान भागत नाही. त्यामुळे दरवर्षी रानाचा एक हिस्सा हरभऱ्याला देऊन जमिनीला उसंत द्यायची, आणि खत पाळीपाळीनं टाकायचं. रासायनिक शेती सोडली की उत्पन्न घटतं असं म्हणतात, त्यातला मोठा भाग हा शेणाच्या टंचाईचा असतो.

तिसरी अडचण शेजारच्या फवारणीची. उसातलं रुंद पानांचं तण मारायला टू-फोर-डी फवारतात. ज्वारी गवताच्या कुळातली असल्यामुळे तिला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण वाऱ्यावर आलेल्या थोड्याशा तुषारांनीही हरभरा आणि करडईचे शेंडे पिळवटतात. एका वर्षी काकांचा बांधालगतचा सगळा हरभरा असा गेला. शेजाऱ्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं, वारा फिरला होता. भांडून उपयोग नव्हता आणि भरपाई मागायला जागा नव्हती. नुकसान इथे संपलं नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमानुसार अशा रानाच्या कडेला मोकळा पट्टा सोडावा लागतो आणि त्या पट्ट्यातलं पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे औषध मारणाऱ्याची जमीन पूर्ण पिकते, न मारणाऱ्याची कडेनं कमी होते. हा नियम खाणाऱ्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण त्याचा भार उलट्या बाजूला पडतो, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं.

खोडमाशीचं वेगळंच. तिच्यावर आबांचा उपाय होता वेळेवर पेरणी आणि थोडं दाट बी. पोंगेमर झालेली, म्हणजे मधला पोंगा वाळलेली ताटं पहिल्या विरळणीत उपटून गुरांना टाकायची. पण अलीकडे पाऊस लांबतो, वापसा उशिरा येतो, पेरणी पुढे सरकते आणि माशी नेमकी तेव्हाच जोरावर असते. रासायनिक शेतकऱ्याकडे बियाण्याला चोळायला औषध आहे. काकांकडे पंचांग आणि आभाळ.

काढणीची तर गोष्टच सोडा. मालदांडी उपटावी लागते. हाताला फोड येतात, धस लागतं, पाठ जाते. आबांच्या वेळी इरजीक असायचं. आज तुझं रान, उद्या माझं, संध्याकाळी जेवण. आता मजुरीचे पैसे मोजूनही बायका ज्वारी काढायला नाखूश असतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ते काम खरंच कठीण आहे. कणसं मोडून झाली की मळणीयंत्र. हे यंत्र रानोरान फिरत येतं. आदल्या रानातले दाणे त्याच्या पोटात शिल्लक असतात. ते झाडून काढायला वेळ लागतो, यंत्रवाला तेवढा थांबत नाही. मग काका आपली पहिली काही पोती वेगळी काढतात आणि साधी ज्वारी म्हणून बाजारात घालतात. धान्य खताच्या जुन्या पोत्यात भरायचं नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधी काय होतं ते पाहायचं. फळबागेतल्या एका डाळिंबाची ओळख सांगता येते, धान्याची येत नाही. एका पोत्यातली ज्वारी दुसऱ्यात मिसळली की कुणालाही वेगळी काढता येत नाही. म्हणून सेंद्रिय धान्यवाल्याला भाजी-फळवाल्यापेक्षा जास्त जपावं लागतं, आणि मिळतं कमी.

कागदाबद्दल. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ सालापासून आहे. त्याच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकासाठी पेरणीआधी दोन वर्षांचा आणि फळझाडांसाठी तीन वर्षांचा रूपांतराचा काळ काढावा लागतो. या काळात रसायनाचं उत्पन्न नसतं आणि सेंद्रियचा भावही नसतो. खर्चिक तपासणी परवडत नाही म्हणून लहान शेतकऱ्यांसाठी सहभागी हमीची पद्धत आहे, पीजीएस. किमान पाच शेतकऱ्यांनी गट करायचा आणि एकमेकांची रानं तपासून एकमेकांची ग्वाही द्यायची. मला ही पद्धत मनापासून आवडते. पेव मिळून उघडणाऱ्या गावाला ती शिकवावी लागली नसती. पण काकांना आमच्या गावात पाच जण जमेनात. ज्वारीवाले होते ते म्हातारे, आणि तरुण होते ते ऊसवाले. शेवटी शेजारच्या दोन गावांतले धरून गट झाला. नोंदवही काकू लिहिते. कधी पेरलं, काय टाकलं, शेजारी काय आहे, किती निघालं. घरातलं सगळं आवरून रात्री ती वही उघडते. सेंद्रिय शेतीच्या यशोगाथांमध्ये काकूंसारख्यांचा हा रात्रीचा तास कुणी मोजत नाही.

एवढं करून हाती काय येतं? केंद्र सरकारनं २०२५-२६ साठी मालदांडीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये ठरवली होती, संकरित ज्वारीची ३,६९९. मालदांडीचा मान पन्नास रुपयांचा. सेंद्रियला वेगळा रकाना नाहीच. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल निघाली तरी धान्याचे सुमारे पंधरा हजार होतात. कडबा विकला तर त्याचे वेगळे, पण काका तो विकत नाहीत, बैलांना लागतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. शहरातल्या दुकानांत ज्वारीचे पोहे, ज्वारीची बिस्किटं, सुंदर पाकिटं आली. त्या पाकिटावरची किंमत आणि काकांच्या पोत्याची किंमत यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते मी अजून पचवू शकलेले नाही.

शेवटचा घाव सोंड्याचा. सेंद्रिय धान्याला साठवणीच्या विषारी गोळ्या चालत नाहीत. काका ज्वारी कडक उन्हात वाळवतात, कडुनिंबाचा पाला घालतात, हवाबंद पिशव्या वापरतात, म्हणजे पेवाचंच छोटं रूप. पण पिशवी पुण्याला पोचून उघडली, पावसाळ्यात तशीच राहिली, की दोन महिन्यांत सोंडे दिसतात. एका दुकानदारानं पोतंच्या पोतं परत केलं आणि वाहतुकीचा खर्चही कापून घेतला. धान्यात कीड झाली याचा अर्थ त्यावर विष नव्हतं, हे समजावून सांगायला काका त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचणार कसे? मध्ये चार हात होते.

मराठी घरांमध्ये उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची चाल होती. अंगणात, गच्चीवर ऊन द्यायचं, गव्हाला एरंडेल चोळायचं, डब्यात पाला घालायचा. माझ्या आईपर्यंत ती चालली. धान्य शेतकऱ्याच्या घरात कमी आणि खाणाऱ्यांच्या हजारो घरांत जास्त राहायचं. साठवणीची जोखीम वाटली जायची आणि शेतकऱ्याला पैसा एकरकमी, हंगामात मिळायचा. महिन्याला दोन किलोचं पाकीट आणू लागलो तेव्हा ती सगळी जोखीम आपण पिकवणाऱ्याच्या अंगावर टाकली. आपल्याला ते कळलंही नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कुठल्याही शेतकऱ्यावर उपकार म्हणून नाही, तर धान्याच्या कामातला आपला जुना वाटा परत उचलायचा म्हणून. चार-पाच घरांनी एकत्र या. आपल्या माहितीतला, विषाशिवाय ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा भात पिकवणारा एक शेतकरी शोधा. ज्वारीवाला असेल तर हस्त लागायच्या आधी, म्हणजे पेरणीपूर्वी त्याच्याकडे जा, किती धान्य लागेल ते सांगा आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या. भाव दोघांनी बसून ठरवा, आणि त्यात राखणीची, काढणीची आणि काकूंच्या वहीची मजुरी धरा. जमलं तर भोरड्यांच्या दिवसांत एखादा रविवार राखणीला जा. धान्य फाल्गुन-चैत्रात एकदम उचला, चांगलं ऊन द्या, पाला घाला, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सोंडे निघाले तर चाळून घ्या, पण परत पाठवू नका.